ट्रकच्या एअर ब्रेकची हवा कुठून जाते आणि टाकीत ऑइल कुठून येतं: नवीन लोकांसाठी

एअर ब्रेकचं काम शिकायला आलेल्या पोराकडून सगळे आधी पार्टची नावं पाठ करून घेतात, कंप्रेसर, ड्रायर, फूट व्हॉल्व्ह, रिले व्हॉल्व्ह, चेंबर, पण गाडी समोर उभी राहिली की प्रश्न दोनच असतात. हवा कुठून जातेय, आणि हवेच्या टाकीतून ऑइल का येतंय. माझं म्हणणं असं की हे दोन प्रश्न बऱ्याचदा एकच असतात आणि लोक उलट्या टोकाने सुरू करतात म्हणून पैसे जातात.

कसं ते बघा. कंप्रेसरला वंगण इंजिनच्याच ऑइलचं मिळतं, त्यामुळे रिंगांच्या बाजूने थोडंसं ऑइल हवेबरोबर वर जाणारच, नवीन कंप्रेसरमध्येपण जातं. सिस्टिम टाइट असेल तर कंप्रेसर हवा भरतो, दाब पुरेसा झाला की कटऑफ होतो म्हणजे भरणं थांबवतो, आणि मग बराच वेळ नुसता फिरत आराम करतो. हवा गळत असेल तर आराम नाही, सारखा लोडवर, मग तो तापतो, तापला की ऑइल जास्त फेकतो, ते डिलिव्हरी पाइपात जळून कार्बन होतं, उरलेलं ड्रायरच्या आतल्या दाण्यांवर जाऊन बसतं. ऑइल बसलेले दाणे पाणी शोषत नाहीत. मग पाणी आणि ऑइल दोन्ही पुढे टाकीत, टाकीतून व्हॉल्व्हमध्ये, तिथली रबरं फुगतात, फुगलेलं रबर नीट बसत नाही, आणि परत हवा गळायला लागते. म्हणून टाकीत ऑइल दिसलं की लगेच कंप्रेसर उतरवायला घेऊ नका, आधी गळती मोजा, ती बंद करा, मग ऑइलकडे वळा.

आपल्याकडे मुंबईत त्यात दमट हवेची भर. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं आणि जुलैत न्हावा शेवाला किंवा भिवंडीला उभ्या गाडीच्या आसपासची हवा जवळपास तेवढी भरलेलीच असते. कंप्रेसर अशी ९ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबतो तेव्हा मीटर ८ बार दाखवतो, आणि ती हवा परत थंड झाली की बहुतेक सगळं पाणी खाली पडतं. ते पकडायचं काम ड्रायरचं. म्हणून इकडे मी कार्ट्रिज, म्हणजे ड्रायरचा दाण्यांचा डबा, मे महिन्यात बदलायला सांगतो, पावसाळ्यानंतर नाही.

आधी जागा आणि जीव

जागा सपाट पाहिजे. टेस्ट करताना हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे चाकांना पुढून मागून दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावायचे, आणि विटेचा तुकडा म्हणजे ठोकळा नाही. कळंबोलीला किंवा वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला जागा मिळते. शहराच्या वेशीवर नो एंट्रीची वेळ संपायची वाट बघत ड्रायव्हर तासन्‌तास बसलेले असतात, तो वेळ ह्या टेस्टला मस्त आहे, पण रस्त्याच्या कडेला गाडीखाली शिरू नका, मोजमाप केबिनमधून करा आणि खालचं काम आत यार्डात.

दुसरं, आणि हे हलक्यात घेऊ नका. मागच्या चाकांच्या चेंबरच्या, म्हणजे हवेच्या जोराने ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या, मागच्या अर्ध्या भागात एक जबरदस्त दाबलेली स्प्रिंग असते. हवा असली की ती दाबून धरलेली राहते, हवा गेली की ती सुटून ब्रेक लावते, तोच तुमचा हँडब्रेक. तो मागचा भाग गॅरेजमध्ये कधीही उघडायचा नाही, त्याचा बँड सोडायचा नाही, क्लिप ठोकायची नाही. ती स्प्रिंग सुटली तर झाकण गोळीसारखं येतं आणि माणूस जागेवर मरतो, झालेलं आहे असं. चेंबर खराब निघाला तर रिलीज बोल्टने स्प्रिंग आवळून आख्खा चेंबर बदलायचा. आणि कुठलाही पाइप सोडण्याआधी सगळ्या टाक्या रिकाम्या, काटा शून्यावर, डोळ्यावर चष्मा.

टाकीचं ड्रेन आधी, इंजिन नंतर

गाडी फिरून आली की संध्याकाळी, टाक्या थोड्या गार झाल्या की ड्रेन, म्हणजे टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह, ओढायचा. खाली पांढरा पुठ्ठा धरा, जमिनीवर सोडलंत तर काहीच कळणार नाही कारण पार्किंगची जमीन आधीच काळी असते. प्रत्येक टाकीचा वेगळा पुठ्ठा, त्याच्यावर पेनाने कुठली टाकी ते लिहा.

ड्रायर चांगला असेल तर नुसती हवा येते, फार तर पुठ्ठ्यावर हलका पिवळट डाग, तो चालतो. स्वच्छ पाणी आलं तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय किंवा हवा ड्रायरमध्ये शिरतानाच इतकी गरम आहे की पाणी तिथे जमतच नाही. काळं तपकिरी ऑइल आलं तर कंप्रेसरच्या बाजूला गडबड. आणि पावसाळ्यात इकडे जास्त दिसतं ते तिसरंच, दुधाळ राखाडी चिखलासारखं, ते म्हणजे पाणी आणि ऑइल फेटून एक झालेलं. असा चिखल ड्रायरच्या जवळच्या टाकीतच असेल तर वेळेत आलात. मागच्या ब्रेकच्या टाकीत किंवा ट्रेलरच्या टाकीतपण असेल तर व्हॉल्व्हपर्यंत पोचलेलं आहे असं धरून चाला.

हवा भरताना काय बघायचं

आता टाक्या रिकाम्या आहेत तर इंजिन चालू करा आणि काटे वर येताना बघत बसा, मोबाइल खिशात ठेवा. बहुतेक ट्रकना दोन काटे असतात, एक पुढच्या सर्किटचा एक मागच्याचा, नवीन गाड्यांत स्क्रीनवर आकडे. लो एअरचा बझर साधारण साडेचार ते साडेपाच बारच्या मध्ये बंद होतो, गाडीप्रमाणे बदलतं. रेस थोडा वर ठेवून ६ ते ७ बार हा टप्पा पाऊण मिनिटाच्या आत पार व्हायला पाहिजे. त्याच्या दुप्पट लागत असेल तर एकतर गळती मोठी आहे, नाहीतर कंप्रेसर थकलाय, नाहीतर डिलिव्हरी पाइप आतून कार्बनने अरुंद झालाय.

मग कटऑफ, काही गाड्यांत ८ बारला, काहींत १० पर्यंत, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. कटऑफला ड्रायर खालून जोरात फुस्स करतो आणि नंतर काही सेकंद बारीक हवा सोडत राहतो, ती गळती नाही, ड्रायर स्वतःचे दाणे सुकवतोय. नवीन पोरं इथेच ड्रायर लीक म्हणून ओरडतात. थांबा, अर्ध्या मिनिटात आवाज बंद झाला तर ठीक. बंदच होत नसेल तर ड्रायरच्या आतला चेक व्हॉल्व्ह टाकीची हवा उलटी सोडतोय. आणि कटऑफच्या आधीच, हवा भरत असतानाच ड्रायरखालून हवा जात असेल तर खालचा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ते फुस्स सोडणारा, कचऱ्याने किंवा ऑइलच्या चिकट्याने उघडा राहिलाय.

ह्या फुस्सच्या वेळेलाच दुसऱ्या माणसाला ड्रायरखाली हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरायला सांगा, तोंड लांब. दोनचार वेळा ब्रेक मारून हवा उतरवा, परत कटऑफ होऊ द्या, परत पुठ्ठा. पाण्याचे शिंतोडे सुकून जातात, ऑइलचे ठिपके राहतात.

खरी टेस्ट: इंजिन बंद, शांतता, घड्याळ

कटऑफ झाला की इंजिन बंद, चावी चालू राहू द्या म्हणजे काटे दिसतील. ठोकळे लावलेत ना, मग हँडब्रेक सोडा, पायाचा ब्रेक सोडलेला. मिनिटभर काटा स्थिर होऊ द्या आणि मग मोजा.

मोजायला मी अमेरिकेतला हेवी लायसन्सच्या टेस्टचा नियम धरतो कारण तो लक्षात राहतो. ब्रेक सोडलेले असताना एका मिनिटात नुसत्या ट्रकचा दाब २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, ट्रेलर जोडलेला असेल तर ३. पायाचा ब्रेक दाबून धरला असताना ट्रक ३ आणि ट्रेलरसकट ४. आता आपल्या मीटरवर बार असतात आणि १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणजे २ पीएसआय हा एक दशांश बारच्या जरासा वर, तो डॅशबोर्डवरच्या काट्यावर कुणाला दिसणार. म्हणून मी दहा मिनिटं गाडी तशीच ठेवतो. चांगल्या गाडीचा काटा दहा मिनिटांत अर्धा बारपण हलत नाही असा माझा हिशोब आहे, नियम तेवढा कडक नाही पण नियमाच्या काठावरची गाडी पुढच्या महिन्यात काठाखाली जातेच. मीटरवर संशय असेल तर टाकीच्या टेस्ट पॉइंटला हातातलं गेज लावा, काटा अडकलेल्या गाड्या खूप असतात आणि मग तासभर नुसतं शोधत बसायचं.

आता ब्रेक दाबून. पाय पूर्ण दाबला की काटा एकदम खाली येतो, ती हवा चेंबरमध्ये भरली, ती मोजायची नाही. त्यानंतर एक मिनिट पाय न हलवता धरून ठेवायचा. पाय थरथरला तरी हवा जाते म्हणून सीट पुढे घेऊन नीट बसा.

तिसरी वेळ हँडब्रेक ओढून, पाय सोडून. ही तिसरी वेळ बहुतेक लोक करतच नाहीत आणि निम्मं उत्तर त्यातच असतं. कारण तीन स्थितींत सिस्टिमच्या वेगवेगळ्या भागांत हवा असते. हँडब्रेक ओढला की स्प्रिंग चेंबरमधली हवा बाहेर जाते, म्हणजे तो भाग रिकामा. पाय दाबला की सर्व्हिसचा, म्हणजे पायाच्या ब्रेकचा, भाग भरतो, सोडला की रिकामा. टाक्या, ड्रायर, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (हवा वेगवेगळ्या सर्किटना वाटणारा) मात्र कायम भरलेले.

तर तिन्ही वेळेला सारखीच हवा जात असेल तर टाकी, ड्रेन, ड्रायर, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह आणि त्यांच्यामधले पाइप. फक्त पाय दाबल्यावर जात असेल तर फूट व्हॉल्व्ह, पुढच्या मागच्या चेंबरचे डायफ्राम म्हणजे आतले रबरी पडदे, चाकाकडे जाणारे रबरी होज. हँडब्रेक सोडल्यावर जाते आणि ओढला की थांबते, तर स्प्रिंग चेंबर, हँडब्रेकचा व्हॉल्व्ह किंवा त्यांची लाइन. दोनपैकी एकच काटा उतरत असेल तर अजून सोपं, फक्त त्याच सर्किटच्या मागे लागा.

एक सापळा इथे सांगून ठेवतो. मागच्या रिले व्हॉल्व्हच्या, म्हणजे पायाच्या इशाऱ्यावर मागच्या चेंबरना हवा देणाऱ्या व्हॉल्व्हच्या, खालच्या तोंडातून हवा सुटत असते, पोरगा कान लावतो, सापडलं म्हणतो, नवीन रिले बसवतो, आवाज तसाच. मग दुसरा नवीन रिले, कारण पहिला डुप्लिकेट असणार असं दुकानदाराशी भांडण. होतं काय की स्प्रिंग चेंबरमध्ये दोन भागांच्या मधलं सील गेलेलं असतं, हँडब्रेक सोडलेला असताना तिकडची हवा सर्व्हिसच्या भागात शिरते आणि तिथून उलटी येऊन रिलेच्या तोंडातून बाहेर पडते. रिले बिचारा बरोबर काम करतोय. ओळखायचं असं, रिलेच्या तोंडाचा आवाज चालू असताना हँडब्रेक ओढा. आवाज थांबला तर दोष चेंबरचा, नाही थांबला तर मग रिलेकडे या. कुठला चेंबर ते शोधायला हँडब्रेक ओढा, टाक्या रिकाम्या करा, एकेका चेंबरचा सर्व्हिस होज सोडून ठेवा, परत हवा भरा, हँडब्रेक सोडा, ज्या चेंबरच्या सर्व्हिसच्या भोकातून हवा येते तो बदलायचा.

साबणाचं पाणी

कुठला भाग ते कळलं की मग बाटली घ्या. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात, स्प्रेच्या बाटलीत, फेस नको पातळ पाहिजे. मोठा बुडबुडा लगेच दिसतो, पण बारीक फेस हळूहळू वर चढतो ती गळती नवीन माणसाच्या नजरेतून सुटते, म्हणून मारून लगेच पुढे जाऊ नका, जरा थांबा. वायरिंगच्या कनेक्टरवर आणि एबीएसच्या सेन्सरवर मारू नका. हायवेच्या आवाजात बारीक सुसू ऐकू येत नाही, तिथे हातभर रबरी नळी एक टोक कानाजवळ एक टोक जॉइंटजवळ धरली तरी काम होतं.

कुठे मारायचं, तर जिथे काहीतरी हलतं किंवा घासतं तिथे आधी. पुढच्या चाकांचे होज स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, सरळ असताना न गळणारा होज वळल्यावर गळतो. नायलॉनचे पाइप चेसिसला जिथे टाय लावून बांधलेत तिथे, आणि सायलेन्सरच्या जवळून गेलेत तिथे. गोदामाच्या आवारात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पाइप उंदीर कुरतडतात, हसू नका, नीट बघा. ट्रेलरच्या पाम कपलिंगची, म्हणजे ट्रेलरची हवा जोडायच्या जॉइंटची, रबरं. ड्रेन व्हॉल्व्ह, त्याच्यात गंजाचा कण अडकला की तो रात्रभर गळतो, आणि बंदराच्या खाऱ्या हवेत टाकीचा तळ आणि लोखंडी पाइप गंजतातच.

गळणारा जॉइंट दिसला की हवा भरलेली असताना पाना मारून आवळायचा मोह होतो. नको. हवा काढा, जॉइंट सोडा, वायसर किंवा ओ-रिंग बघा, नवीन टाका, मग आवळा. नायलॉन पाइपचं टोक ब्लेडने सरळ नव्वद अंशात कापा, पकडीने चिमटून कापलेलं टोक कनेक्टरमध्ये कधीच नीट बसत नाही. टेफ्लॉन टेपचे वेढे तर अजिबात नाही, त्याचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतात आणि मग एका गळतीच्या जागी दोन.

आता ऑइल

गळती बंद झाली, टाक्या साफ केल्या, पुठ्ठ्यांवर तारीख टाकून ठेवले, आणि गाडी आठवडाभर चालवून परत ड्रेन बघितला. ऑइल कमी झालं असेल तर कंप्रेसरला आरामच मिळत नव्हता, विषय बहुतेक तिथेच संपला. तेवढंच येत असेल तर कंप्रेसर उतरवण्याआधी चार गोष्टी, ह्या फुकटात बघून होतात.

एक, एअर फिल्टर आणि कंप्रेसरच्या इनलेटचा पाइप. फिल्टर चोक असेल तर कंप्रेसर खालून ऑइल ओढतो. धूळ खाल्लेल्या गाड्यांत हे खूप निघतं, तळोज्याला खडी मारणारे डंपर वगैरे. दोन, कंप्रेसरमधून ऑइल इंजिनमध्ये परत जायचा रस्ता, तो तुंबला की ऑइल वर साचतं आणि हवेबरोबर जातं. तीन, इंजिनची ऑइलची लेव्हल, डिपस्टिकच्या वर भरलेलं तर नाही ना, आणि इंजिनचा ब्रीदर म्हणजे आतला वायू सोडणारं तोंड, ऑइल भरायचं झाकण काढल्यावर धूर फेकत असेल तर दोष इंजिनच्या रिंगांचा, कंप्रेसर बदलून काही होणार नाही. चार, कंप्रेसरच्या हेडला पाणी पोचतंय का, कारण हेड तापला की सगळंच बिघडतं.

मग डिलिव्हरी पाइप, कंप्रेसर ते ड्रायर. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, कारण चालू असताना ह्या पाइपाच्या तोंडाशी २०० अंशाच्या आसपास तापमान जातं. दोन्ही टोकं सोडून आत टॉर्च मारा. आत काळा कडक थर असेल तर पाइप बदला, खरवडत बसू नका, खरवडलेले कण ड्रायरमध्येच जाणार. आणि नवीन पाइप कंपनीच्या लांबीचाच टाका. जवळचा रस्ता म्हणून आखूड पाइप टाकला की हवा गरमच ड्रायरमध्ये पोचते. पाइपाला ड्रायरकडे सतत उतार पाहिजे, मधे पोट आलं की पाणी तिथे साचतं.

हे सगळं ठीक असूनही पुठ्ठा काळाच येत असेल तर आता कंप्रेसरच्या रिंगा, आता उतरवा. आणि कार्ट्रिज त्यानंतर बदला, आधी नाही, नाहीतर नवीन कार्ट्रिज पहिल्या आठवड्यातच ऑइल पिऊन बसेल. ऑइल पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत गेलं असेल तर त्यांचे किट बदलावे लागतात. डिझेल किंवा रॉकेल टाकीत ओतून धुवायची पद्धत दिसते बऱ्याच ठिकाणी, ती रबरांचा सत्यानाश करते. साबणाचं कोमट पाणी, मग साधं पाणी, मग हवेने पूर्ण सुकवणं, टाकी गाडीवरून उतरवून.

अजून एक घोटाळा नेहमी होतो. ड्रम उघडला, लायनर ऑइलने ओला, की पोरगा म्हणतो कंप्रेसरचं ऑइल चाकापर्यंत आलं. तसं येत नाही, चेंबरमधली हवा लायनरला लागतच नाही. ते ऑइल हबच्या सीलमधून आलेलं, नाहीतर ग्रीस जास्त भरलेलं. सील बदला आणि लायनर त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे नवीन टाका, पेट्रोलने धुतलेला लायनर बोरघाट उतरताना गरम झाला की आत मुरलेलं ऑइल परत वर येतं आणि गाडी एका बाजूला खेचते. ड्रमची धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

काम झालं की तिन्ही स्थितींची टेस्ट पुन्हा करायची, पहिल्यासारखीच, तोच हातातला गेज आणि तीच दहा मिनिटं, आणि आधीचे नंतरचे दोन्ही आकडे गाडीच्या वहीत. कार्ट्रिजची तारीख पेंट मार्करने ड्रायरवरच लिहा कारण वही हरवते. मालक तिथे असेल तर जुने पुठ्ठे त्याला दाखवा, बिलावरून वाद कमी होतो. क्लीनरला एवढंच सांगा की दर संध्याकाळी ड्रेन ओढायचा आणि दुधाळ काही आलं की त्याच रात्री फोन करायचा.